मोहल्ल्यात येणारे समाजकार्याचे विद्यार्थी आणि आपण

(अकोल्यात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मला समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याबद्दल बोलायचे आहे. हे विद्यार्थी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहेत. जुलै-ऑगस्ट लागला की गळ्यात कॉलेजचे ओळखपत्र आणि हातात वही घेतलेली दोन-तीन मुलेमुली मोहल्ल्यात फिरताना दिसतात. कुणी त्यांना जनगणनावाले समजतो, कुणी पोलिओ डोसवाले. एखाद्या घरी चहा मिळतो. पुढच्या घरी, "घर में कोई नहीं है," असे घरातलाच माणूस दारात उभा राहून सांगतो. मार्च संपला की ही मुले दिसेनाशी होतात आणि ती नेमकी कशासाठी आली होती, हे कुणाला कळत नाही.

मी अमरावतीत एमएसडब्ल्यू केले. आता एका युवा आणि कुटुंब केंद्रात अशा विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करते. त्यामुळे विद्यार्थ्यांची बाजू आणि घरांची बाजू, दोन्ही रोज समोर येतात. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. वऱ्हाडातल्या आपल्या वस्त्यांना या विद्यार्थ्यांची गरज आहे. आणि त्या विद्यार्थ्यांमध्ये आपली मुलेमुली असण्याची गरज त्याहून मोठी आहे.

हे शिक्षण आपले नाही, ते बाहेरून आलेले आहे, असे अनेकांना वाटते. म्हणून थोडा इतिहास सांगते. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल सुरू झाले. विद्यापीठातली तरुण मुले तिथे वस्तीतच राहायला आली. १८८९ साली शिकागोत जेन अॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी हल हाउस काढले. तिथे परदेशातून आलेल्या मजुरांची कुटुंबे आजूबाजूला राहत होती. दान देऊन घरी परत जाण्याऐवजी शेजारी होऊन राहायचे आणि लोकांच्या सोबत बसून त्यांचे प्रश्न समजून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना होती.

ही कल्पना आपल्याकडे कुठे रुजली? मुंबईच्या नागपाड्यात. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. नागपाडा नेबरहूड हाउस या केंद्राचे ते पहिले संचालक. वस्तीतल्या मुलांसाठी, बायकांसाठी, बेकारांसाठी तिथे काम चाले. हे काम करायला शिकलेली माणसे लागतात, हे त्यांना तिथे राहून कळले. त्यातून १९३६ साली त्याच ठिकाणी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. समाजकार्य शिकवणारी भारतातली ही पहिली संस्था. १९४४ साली तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. आज आपण तिला टिस म्हणतो.

म्हणजे ज्या शिक्षणाला आपण परके समजतो, त्याची भारतातली पहिली शाळा नागपाड्यासारख्या, मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या भागात उघडली. त्याच नागपाड्याच्या मैदानांवरून बास्केटबॉलचे नामवंत खेळाडू निघाले. भारताचे कर्णधार राहिलेले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसिर तिथलेच. वस्तीत मैदान असले, केंद्र असले, संध्याकाळी जायला जागा असली, तर मुले कुठपर्यंत जाऊ शकतात, हे त्या भागाने दाखवून दिले आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू शिकवणारी महाविद्यालये आहेत. या शिक्षणात क्षेत्रकार्य सक्तीचे असते. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, दवाखान्यात किंवा वस्तीत काम करतो. केलेल्या प्रत्येक भेटीचा अहवाल लिहितो. महाविद्यालयातले शिक्षक तो वाचतात, त्याला प्रश्न विचारतात आणि पुढची भेट कशी घ्यायची, यावर चर्चा होते. एकेका कुटुंबासोबत केलेल्या कामाला व्यक्तीसहाय्य कार्य म्हणतात, मुलामुलींच्या गटासोबत केलेल्या कामाला गटकार्य आणि वस्ती म्हणून केलेल्या कामाला समुदाय संघटन. नावे जड आहेत, पण काम साधे आहे. ऐकायचे, लिहायचे, सोबत जायचे आणि पुन्हा यायचे.

यातले "पुन्हा यायचे" महत्त्वाचे. आपल्या समाजात मदतीची कमी नाही. रमजानमध्ये राशनचे किट वाटले जाते, थंडीत चादरी दिल्या जातात, रक्तदान शिबिरे होतात, सामूहिक विवाह होतात. अमरावतीच्या पठाण चौकात किंवा अकोल्याच्या बैदपुऱ्यात रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचे असेल तर दहा मुले गाडी घेऊन उभी राहतात. याचा मला अभिमान आहे. पण ज्या घरात किट दिले, त्या घरातली मुलगी शाळेत का जात नाही, हे विचारायला महिन्याभराने कोण जाते? ज्याला दवाखान्यात नेले, त्याची औषधे चालू आहेत की बंद पडली, हे कोण पाहते? एका घरासोबत सहा महिने टिकून राहणारे माणूस आपल्याकडे नाही. क्षेत्रकार्याचा विद्यार्थी नेमके हेच शिकायला येतो.

तीन प्रकारच्या कामांची उदाहरणे देते. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिले काम कागदाचे. एका बाईला नवऱ्याने सोडले होते. दोन मुले, शिवणकामावर घर चाललेले. राज्य सरकारच्या बाल संगोपन योजनेत अशा एकल पालकाच्या मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित बाईला महिन्याला १५०० रुपये मिळू शकतात. आमचा विद्यार्थी अकोट तालुक्यातला, मराठी माध्यमात शिकलेला, मेहनती मुलगा. त्याने अर्ज आणला. बाईने निकाहनामा पुढे केला. तो उर्दूत. मुलाला उर्दू येत नाही. अर्ज मराठीत. बाई उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिला मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. त्यात "बाल संगोपन" हे शब्द ऐकून तिचा समज झाला की मुलांना अनाथाश्रमात पाठवायचे आहे. दुसऱ्या दिवशी तिने दारच उघडले नाही.

मग आमच्याकडची दुसरी विद्यार्थिनी तिच्याकडे गेली. तिला उर्दू वाचता येते आणि मराठी लिहिता येते. तिने खालाजवळ बसून अर्जातली प्रत्येक ओळ तिच्या बोलीत सांगितली. मुले तुझ्याजवळच राहतील, पैसे त्यांच्यासाठी येतील, हे दोनदा सांगितले. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचे बोनाफाइड, बँकेचे खाते, असे एकेक करत गेले. या कामाला नऊ भेटी लागल्या.

इथे बसलेल्या तुमच्यापैकी कितीजणांना या दोन्ही भाषा येतात? घरात दखनी, शाळेत मराठी, लहानपणी मदरशात किंवा आजीकडून उर्दू अक्षरे. तुम्हाला यात विशेष काही वाटत नाही. पण तहसीलच्या खिडकीपासून त्या बाईच्या दारापर्यंतचे अंतर ज्याला कापता येईल, असे माणूस तुमच्यासारखेच असणार आहे.

दुसरे काम मुलांचे. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये काय झाले, ते तुम्हाला माहीत आहे. संचारबंदी लागली, अमरावतीत इंटरनेट बंद झाले. अशा दिवसांत कोण चूक, कोण बरोबर, यावर भाषणे पुष्कळ होतात. मला त्यानंतरच्या कामाबद्दल बोलायचे आहे. अशा प्रकरणात १८ वर्षांखालचा मुलगा पकडला गेला तर काय होते? बाल न्याय अधिनियम २०१५ सांगतो की त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. त्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते.

पण तो १८ वर्षांखालचा आहे, हे सिद्ध कशाने होते? कायद्यात क्रम दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड दाखवून आई रडत उभी असते आणि शाळा सोडल्याचा दाखला तीन वर्षांपासून शाळेतच पडलेला असतो, कारण मुलाने आठवीत शाळा सोडली तेव्हा तो कुणी आणलाच नाही. हा दाखला आणायला कुणीतरी सकाळी शाळेत जाऊन बसावे लागते.

पुढे परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरचा सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. तो पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत मंडळाला द्यायचा असतो. घरी कोण आहे, मुलगा काय करत होता, संगत कोणती, शाळा का सुटली, पुढे त्याच्यावर लक्ष कोण ठेवेल, हे त्यात येते. मंडळ त्या मुलाला त्या कागदातून ओळखते. अधिकारी घरी आल्यावर आई घाबरून, "हमको कुछ नहीं मालूम," एवढेच म्हणाली, तर कागदावरही तेवढेच येते. विद्यार्थी अहवाल लिहीत नाही, त्याला तो अधिकार नाही. पण तो आधी घरी जाऊन आईला समजावू शकतो की हा माणूस पोलीस नाही, याला खरे सांगा. मुलगा गॅरेजवर काम करतो, रात्रशाळेत नाव घालायची तयारी आहे, मामा जामीनदार राहील, हे सांगा. मुलगा घरी परत आल्यावर त्याच्याशी बोलत राहणे, त्याला आयटीआयचा किंवा १७ नंबरचा फॉर्म भरायला नेणे, हेही विद्यार्थ्याचेच काम. मोर्चाला हजार माणसे येतात. या कामाला एक माणूस लागतो, पण तो सहा महिने टिकावा लागतो.

तिसरे काम घरातल्या मुलीबाळींचे आणि बायकांचे. बारावीत शिकणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीचे लग्न ठरत होते. आमची विद्यार्थिनी कायद्याचे पुस्तक घेऊन गेली नाही. मुलीचे लग्न १८ च्या आधी करणे गुन्हा आहे, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, हे तिला माहीत होते आणि वेळ आली असती तर तो फोनही झाला असता. तिने आधी विचारले की घाई कशाची आहे. तीन भेटींनंतर अम्मीने सांगितले की क्लास सुटतो संध्याकाळी साडेसातला, रस्त्यावर पोरे उभी असतात, उद्या काही झाले तर मोहल्ला काय म्हणेल. म्हणजे घाई लग्नाची नव्हती, भीती रस्त्याची होती. त्याच भागातल्या चार मुली मिळून सकाळच्या बॅचला जाऊ लागल्या. एकीचा भाऊ त्यांना सोडायला जाई. मुलीने बारावीची परीक्षा दिली. पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही. पण तिला ते वर्ष मिळाले.

मारहाणीच्या प्रकरणात मात्र असे सबुरीने चालत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. १९८४ साली टिसने मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेतच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली आणि पुढे राज्य सरकारने ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. आपल्या बायका या ठिकाणांपर्यंत फार उशिरा पोहोचतात. आधी माहेर, मग मोहल्ल्यातले बुजुर्ग, मग काझीसाहेब, असे फिरण्यात वर्षे जातात. तिथे समेट झाला तर चांगलेच. पण तिचा मार थांबला की नाही, हे समेटानंतर जाऊन विचारणारे कुणीतरी हवे.

आता अडचणीही सांगते. सगळ्यात मोठी अडचण गुप्ततेची. मोहल्ल्यात एका घरात बोललेले संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोहोचते. म्हणून बायका म्हणतात, "बाजी, बाहेरची पोरगी असेल तर सांगते, इथली असेल तर नाही." यात तथ्य आहे. म्हणून आपल्या मुलीने हे शिक्षण घेतले, तरी तिने आपल्याच गल्लीत क्षेत्रकार्य करू नये. अकोल्याच्या मुलीने अमरावतीत करावे, अमरावतीच्या मुलाने अकोल्यात. बडनेऱ्याहून अकोल्याला येणाऱ्या गाड्या कमी नाहीत, मधे मूर्तिजापूर, बस. भाषा आपली राहते, रिवाज आपले राहतात आणि कुणाची भाची, कुणाची नणंद, हे नाते आड येत नाही.

दुसरी अडचण, मार्चमध्ये विद्यार्थी जातो. ज्या बाईने सहा महिने त्याच्याशी मन मोकळे केले, तिला पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागते. काही संस्थांत याचा विचारच होत नाही. विद्यार्थी जाताना अहवाल कॉलेजला जातो, कुटुंबाकडे काहीच राहत नाही. यावर उपाय आहे. केंद्रात कायमचे एक अनुभवी माणूस हवे आणि विद्यार्थ्याने शेवटच्या महिन्यात पुढच्या माणसाची ओळख घरी जाऊन करून द्यायला हवी.

तिसरी अडचण पैशांची. या कामाचे विद्यार्थ्याला सहसा काही मिळत नाही, उलट ऑटोचे भाडे आणि झेरॉक्सचा खर्च त्याचाच. गरीब घरातली मुलगी म्हणूनच हा अभ्यासक्रम सोडते. वडील विचारतात, "ये पढ़ के मिलेगा क्या?" त्यांना उत्तर द्यावे लागते आणि उत्तर आहे. परिवीक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक, सरकारी रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी, अशा जागांवर समाजकार्य शिकलेली माणसे बसतात. जागा कमी आहेत, स्पर्धा आहे, कंत्राटी नोकऱ्या पुष्कळ आहेत, हे लपवत नाही. पण त्या टेबलांच्या पलीकडे आपले लोक रांगेत उभे असतात. टेबलाच्या अलीकडेही आपल्यातले कुणी असायला हवे.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. आपल्याला त्याचे कौतुक आहे. माणसांचे काम असे होत नाही. नऊ भेटींचा हिशोब मी मघाशी दिला. त्यातल्या चार भेटी फक्त दार उघडण्यासाठी होत्या.

म्हणून दोन मागण्या करते. पहिली, इथे ज्यांच्या हातात जमातखान्याची, शादीखान्याची किंवा वाचनालयाची जागा आहे त्यांच्याकडे. आठवड्यातले दोन दिवस एक खोली द्या. त्यात एक टेबल, चार खुर्च्या, दार लागेल अशी जागा आणि कुलूप असलेले कपाट. त्या कपाटातली नोंदवही कमिटीच्या अध्यक्षांनीही उघडायची नाही, हे आधी मान्य करा. विद्यार्थ्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च उचला. मग महाविद्यालयाला पत्र लिहा की आमच्याकडे क्षेत्रकार्यासाठी मुले पाठवा. ती कोणत्याही धर्माची, जातीची असोत. दुसऱ्या समाजातला मुलगा सहा महिने आपल्या घरांतून फिरला, तर आपल्याबद्दल ऐकलेल्या कितीतरी गोष्टी त्याच्या मनातून आपोआप जातात. हे मी पाहिले आहे.

दुसरी मागणी तुमच्याकडे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असो, बीएसडब्ल्यूला जाता येते. पदवी कोणतीही असो, एमएसडब्ल्यूला जाता येते. तुमच्यापैकी सगळ्यांनी जावे, असे मी म्हणत नाही. पण दरवर्षी अकोल्यातून पाच आणि अमरावतीतून पाच मुलेमुली या शिक्षणाला गेली, तर दहा वर्षांत शंभर होतील. शंभर माणसे, ज्यांना निकाहनामाही वाचता येतो आणि तहसीलचा अर्जही भरता येतो.

निर्णय घेण्याआधी काम पाहून घ्या. आमच्या केंद्रात विद्यार्थी बुधवारी आणि गुरुवारी येतात. या, बाहेरच्या खोलीत बसा, त्यांना काय विचारायचे ते विचारा. आतल्या खोलीचे दार लागलेले असेल तर मात्र थांबा, आत कुणीतरी बोलत असते.